बिब्ब्याचा डाग

आमच्या विहीणबाईला टाच दाखवायची लई हौस. लातूरला तिच्या घरी कुणी बी येवो, चहा गाळायच्या आधी हिचा पाय पुढं. टाचेवर काळा डाग होता, तो कातडीचा कॅन्सर निघाला, जांघेतल्या गाठीपर्यंत गेला, नांदेडला ऑपरेशन झालं, आता इंजेक्शनं चालू हायेत. गल्लीतल्या दूधवाल्याला बी पाठ झालंय.

त्याचं मला काय न्हाई. पण लुंबिनी माझी नात. मुखेडात माझ्या हातची भाकर खाऊन वाढली. कॅन्सरचं शिकायला लातूरला गेली आन् आईच्या आईकडं राहिली. तवापासून फोनवर नुसतं "उज्वला आजी, उज्वला आजी". शेवटी मी एसटीत बसले आन् गेलेच.

गेले तर लुंबिनी त्या टाचेला तेल चोळत बसली होती. मला म्हणाली, "आलीस आजी? बस." आन् पुन्हा विहिणीकडं वळली.

"आपल्या रक्तात मारेकरी पेशी असतात. त्या दारोदार फिरतात. हरेक पेशी आपल्या आत काय चाललंय त्याचे बारीक तुकडे अंगावर मांडून ठेवते. मारेकरी ते चाचपतात. वळखीचं असलं तर पुढं. भलतंच लागलं की तिथंच खलास."

"आन् कॅन्सरनं काहीच मांडलं न्हाई तर?" विहिणीनं इचारलं. सातवी झालेली ना ती!

"असतात तशा लबाड. सगळं झाकून बसतात. पण मारेकऱ्यांची दुसरी एक जात हाय. ती म्हणते, ह्या दारावर काहीच कसं न्हाई? आन् त्यालाच मारती."

"मग मला सुया कशाला?"

"तुझा कॅन्सर मारेकऱ्यांना गुंगी देतो, आजी. सुई ती उतरवायला बघती."

"मला कधी असं समजावलं न्हाईस," मी म्हणाले.

"तू कधी इचारलंस?"

विहीण गालात हसली. तिथं माझं डोस्कं फिरलं. मी लुगडं सावरलं आन् पायाचा तळवा तिच्या टाचेशेजारी नेऊन ठेवला.

"हे बघ. डाग मलाबी हाय. तिच्यापरीस मोठा. पण मी गावभर दाखवत न्हाई. भेगेला बिब्बा लावला होता, त्याचा हाय."

"कधी लावला होतास?"

"दोन उन्हाळे झाले."

लुंबिनीचा हात थांबला. "आजी, बिब्ब्याचा डाग कातडीसंगं निघून जातो. दोन वर्षं राहत न्हाई."

नांदेडला तुकडा काढून तपासला. तोच कॅन्सर. पण वरवरचा, आत शिरला नव्हता. डाग कापून काढला आन् सुईची गरज न्हाई म्हणाले.

"का न्हाई? तिला हाय की!" मी डॉक्टरलाच दमात घेतलं. लुंबिनी हसता हसता रडायला लागली.

संध्याकाळी विहीण लातूरहून दवाखान्यात आली. माझ्याच खाटेवर बसली आन् शेजारच्या खाटेवरल्या बाईला टाच दाखवायला लागली. मग मला म्हणाली, "दाखवा की ईनबाई, तुमचा बी."

मी उठून बसले.

"ईनबाई, तुमच्यावाणी मिरवणारी बाई अख्ख्या मुखेडात न्हाई. तुम्ही मिरवलं म्हणून मी जळले, आन् जळले म्हणून पाय पुढं केला. तेवढं तुमचं मानते. पण नात माझीच हाय. आता सरका तिकडं, पट्टी दिसू द्या माझी."