माझा 'नो' झिजला तेव्हा

मित्रांनो, मी औषधाच्या दुकानातला एक जुना रबरी शिक्का आहे. जुन्या वस्तू आपली गोष्ट सांगताना हळव्या होतात. मी होणार नाही. मला राग आलेला आहे आणि तो अजून उतरलेला नाही.

शिक्के करणाऱ्या कारागिराने माझी अक्षरं रबरात उलटी कोरली, ती लाकडी मुठीला चिकटवली आणि कागदावर उठवून पाहिली. ओळ सुलटी, ठसठशीत उमटली: 'नो मोअर दॅन टू टॅब्लेट्स इन सिक्स अवर्स'. म्हणजे सहा तासांत दोनपेक्षा जास्त गोळ्या घ्यायच्या नाहीत. सुट्या गोळ्यांच्या कागदी पाकिटावर ही ओळ उठवायची, एवढंच माझं काम.

दुकानात गोळ्या देणाऱ्या बाईंना सगळे ताई म्हणत. पहिल्याच दिवशी त्या मालकांना म्हणाल्या, "खाली आपल्या भाषेतही लिहून घेतलं असतं तर बरं झालं असतं."

"इंग्रजीत असलं की औषध भारी वाटतं," मालक म्हणाले. "आणि ज्याला कळणार नाही तो तुम्हालाच विचारेल की."

लोक विचारत आणि ताई न कंटाळता सांगत. पण गल्लीच्या टोकाला कपडे शिवणाऱ्या मावशींना नुसतं सांगून भागत नसे. त्यांना स्वतः वाचायचं होतं. कंबरदुखीच्या गोळ्या न्यायला आल्या की त्या पाकीट काउंटरवर सरळ करून ठेवत.

"मोअर म्हणजे जास्त," ताई अक्षरांवर बोट ठेवत. "दॅन म्हणजे पेक्षा. आपण 'दोनपेक्षा' म्हणतो, पेक्षा मागून जोडतो. इंग्रजीत ते आकड्याच्या आधी येतं. दॅन टू."

"म्हणजे बाही उलटीकडून जोडायची."

"अगदी तसंच."

"आणि हे इन कशाला? सहा तासांनी दोन का?"

"सहा तासांच्या आत. आणि पहिला नो विसरायचा नाही हं. तो काढला तर सगळा अर्थ फिरतो."

मावशींनी चिकाटी सोडली नाही. वर्षभरात त्या रस्त्यावरच्या जाहिराती वाचू लागल्या. 'मोअर रूम फॉर लगेज', 'लेस शुगर इन एव्हरी कप'. एकदा येऊन म्हणाल्या, "ताई, मोअरच्या मागे कधी दॅन येतं, कधी थेट वस्तूच येते. आणि वस्तूच्या मागे पुन्हा इन नाहीतर फॉर. एकदा टाका कळला की कठीण नाही." त्या दिवशी मला माझ्या आठ शब्दांचा फार अभिमान वाटला.

वर्षं गेली. माझं रबर झिजू लागलं आणि नेमकी ओळीच्या सुरुवातीची कड आधी झिजली. नो उमटेना.

ताईंनी मालकांना सांगितलं. "बघू," ते म्हणाले. पुढच्या महिन्यात पुन्हा सांगितलं. तिसऱ्यांदा सांगितलं तेव्हा ते हसले. "आठ शब्दांतले सात दिसतात ना? मग झालं तर."

तेव्हापासून ताई प्रत्येक पाकिटावर पेनाने नो लिहीत. मग त्यांच्या आईचं ऑपरेशन ठरलं आणि त्या तीन आठवडे रजेवर गेल्या. जाताना त्यांनी कपाटावर चिठ्ठी डकवली: 'पेनाने नो लिहायला विसरू नका.' मालक स्वतः काउंटरवर बसले. पहिला दिवस त्यांनी लिहिलं. दुसऱ्या दिवशी पेन सापडेना. तिसऱ्या दिवसापासून त्यांनी ते शोधणंही सोडलं. पाकिटामागून पाकिटावर मी खोटं बोलत होतो आणि मला तोंड दाबून धरता येत नव्हतं.

त्याच आठवड्यात मावशी आल्या. शाळेच्या गणवेशांचं मोठं काम हातात होतं आणि कंबर धरली होती. नेहमीच्या पिवळ्या गोळ्या संपल्या होत्या म्हणून मालकांनी पांढऱ्या दिल्या. मावशींनी पाकीट वाचलं.

"यावर नो नाही. ही गोळी वेगळी घ्यायची का?"

मालक फोनवर होते. "लिहिलंय तशी घ्या," ते मान वर न करता म्हणाले.

मावशींनी लिहिलं होतं तशीच घेतली. दोनपेक्षा जास्त, म्हणजे तीन. सहा तासांनी पुन्हा तीन. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्यांना ओकाऱ्या सुरू झाल्या आणि शिवता शिवता त्या मशीनवरच कोसळल्या. त्यांच्या जाऊबाई शेजारीच राहत, त्यांनी तडक दवाखान्यात नेलं. मावशी वाचल्या.

आठवड्याने त्या जाऊबाईंचा हात धरून दुकानात आल्या. चेहरा पार उतरला होता.

"मावशी, तुमचं इंग्रजी जरा कच्चं," मालक म्हणाले. "अर्धवट शिकलं की असं होतं."

मावशींनी पाकीट त्यांच्यापुढे ठेवलं. "तुम्ही वाचा. मोठ्याने."

दुकानात चार गिऱ्हाइकं उभी होती. मालकांनी वाचायला सुरुवात केली. "मोअर दॅन टू..." आणि ते थांबले.

"आता तुमचं पक्कं इंग्रजी सांगा," मावशी म्हणाल्या. "दोन का तीन?"

मालकांनी मला उचललं आणि सगळ्यांना दाखवलं. "या शिक्क्याने घात केला बघा."

मी! ज्याची कड वापरून वापरून झिजली, तो मी! ऐकून माझ्या उरल्यासुरल्या रबराची आग आग झाली.

"शिक्क्यामागचा हात तुमचा होता," मावशी शांतपणे म्हणाल्या. "आणि अशी पाकिटं किती घरांत गेली?"

जाऊबाईंनी ताईंना फोन लावला. ताई त्याच दुपारी आल्या, दुकानाच्या दारावर आपल्या भाषेत मोठ्या अक्षरांत सूचना चिकटवली आणि पेन घेऊन घरोघर निघाल्या. मालक खुर्चीत बसू लागले तशा मावशी म्हणाल्या, "तुम्हीही चला." ते भर उन्हात गेले. एका घरी आजोबा तिसरी गोळी तळहातावर घेऊन बसले होते. ताईंनी ती काढून घेतली आणि पाकीट मालकांच्या हातात दिलं. नो त्यांनाच लिहायला लावला.

आता काउंटरवर नवा शिक्का आहे, दोन्ही भाषांतला. मी टाचण्यांच्या डब्यात पडून आहे.

मित्रांनो, मला जपा, माझी कीव करा, असं मी म्हणणार नाही. मला जपायला नव्हे, वेळेवर फेकून द्यायला हवं होतं. जी वस्तू दुसऱ्याच्या जिवाशी खेळू शकते, तिचं एक अक्षर फिकं झालं तरी ती त्याच दिवशी बदला. आणि कोणी विचारायला आलं, तर त्याच्याकडे बघून उत्तर द्या.