धबधब्यावर राहिलेली चरवी

मित्रांनो, मी एक जुनी पितळी चरवी आहे आणि माझं डोकं फिरलेलं आहे. जुन्या वस्तू म्हणे गोड बोलतात, गेलेल्या दिवसांसाठी हळहळतात. मला नाही जमत ते. त्या दिवसाची आठवण निघाली की माझा अजून संताप होतो. ऐकायचं असेल तर असंच ऐकावं लागेल.

माझा जन्म पारोळ्याचा. तांबटानं ठोकून ठोकून मला गोल केलं, आतून कल्हई लावली आणि दुकानाच्या फळीवर मांडलं. तिथून एका मारवाडी सावकारानं मला लेकीच्या लग्नासाठी घेतलं आणि माझ्या गळ्यावर जावयाचं नाव कोरून घेतलं. त्या लेकीचं नाव धापू. तिच्याबरोबर मी चोपड्याला, उत्तमचंद शेठच्या घरी आले. ही राजस्थानकडून आलेली जैन माणसं. कापसाचा आणि धान्याचा मोठा व्यापार. घरात मारवाडी बोलत, पण मी खानदेशातली, म्हणून त्यांचं बोलणंही तुम्हाला मराठीतच सांगते.

माझं काम सगळ्या भांड्यांत वेगळं होतं. मला त्याचा तोराही होता, खोटं कशाला बोलू? त्या घरात विहिरीचं पाणी दुहेरी फडक्यातून गाळून घेत. मग ते फडकं गाळलेल्या पाण्यानं हळूच माझ्यात झटकत. फडक्यात अडकलेले डोळ्यांना न दिसणारे जीव माझ्या पाण्यात उतरत. या पाण्याला जिवाणी म्हणतात. जिथून पाणी काढलं तिथेच ते परत सोडायचं, तेही वरून फेकायचं नाही. मला दोरानं पार पाण्यापर्यंत उतरवत आणि अलगद कलतं करत, म्हणजे एकाही जिवाला दुखापत व्हायची नाही. ही त्यांची दया खरी होती, मित्रांनो. तिला मी नावं ठेवत नाही. उलट ती खरी होती म्हणूनच मला पुढच्या गोष्टीचा राग जास्त येतो.

पुढे धापूबाईंच्या मुलाचं, रतिलालचं, लग्न झालं. धुळ्याची मुलगी आली. तिचं नाव हीराबाई. पण हे नाव मी फक्त लग्नाच्या दिवशी ऐकलं. घरात पाऊल टाकल्यापासून ती बींदणी. बींदणी म्हणजे सून. सासू बींदणी म्हणायची, नणंदा वहिनी म्हणायच्या. सासरा सुनेशी बोलतच नसे. आणि रतिलाल? नवऱ्यानं चारचौघांत बायकोचं नाव घ्यायचं म्हणजे त्या घरात बेशरमपणाची हद्द. तो खोकायचा. खरं सांगते, खोकायचा! पाणी हवं असलं की एक खोकला, जेवायला वाढ म्हणायचं असलं की दुसरा. मी फळीवर बसून ऐकायची आणि मनात म्हणायची, अरे बाबा, वैद्याकडे तरी जा एकदा.

असा एकोणीसशे तीसच्या सुमारचा कार्तिक महिना. चातुर्मास संपला आणि बायकांनी शेठजींच्या मागे टुमणं लावलं की सातपुड्यातली उभीधार बघायची. उभीधार म्हणजे राखीव जंगलातला मोठा धबधबा. तिथे जायला फॉरेस्टची परवानगी लागायची. ती शेठजींनी मिळवली. वाट दाखवायला पायथ्याच्या गावचा वना नावाचा शेतकरी ठरला. सगळे त्याला आबा म्हणत. आदल्या दिवशी आम्ही पायथ्याशी मुक्काम केला आणि उजाडताच गाड्या जुंपल्या. पुरुषांचा छकडा आणि बायकांच्या दोन दमण्या. दमण्यांना पडदे सोडलेले. नटूनथटून सगळ्या बायका आत बसल्या, डोक्यावरून हनुवटीपर्यंत पदर. धबधबा बघायला निघालेल्या बायकांना वाटेतलं एक झाड दिसेल तर शपथ!

पण उभीधार पाहिली आणि मीसुद्धा गप्प झाले. उंच काळ्या कड्यावरून पाणी सरळ खाली कोसळत होतं. खाली हिरवंगार कुंड. तुषार अंगावर येत होते आणि आवाज एवढा की शेजारच्याच्या कानात ओरडावं लागे. वना आबा सगळ्यांना सांगत फिरत होता, "त्या कडवर नका जा माय, शेवाळ शे. पानी भलतं खोल शे." पुरुष वरच्या दगडावर बसले. बायका खालच्या बाजूला झाडाआड. तिथे हीराबाईनं इकडेतिकडे पाहिलं आणि पदर थोडासा वर केला. धारेकडे बघून ती हसली. लग्नानंतर तिला हसताना मी पहिल्यांदा पाहिलं.

दुपारी जेवणं झाली. कुंडातलं पाणी गाळून प्यायले, जिवाणी माझ्यात आली. तेवढ्यात शेठजींनी उन्हाकडे बघितलं आणि घाई सुरू झाली. जैन माणसं दिवस मावळल्यावर अन्नपाणी घेत नाहीत. कार्तिकातला दिवस, बघता बघता कलतो. संध्याकाळचं जेवण सूर्य असेपर्यंत पायथ्याशी व्हायला हवं. "आटपा, आटपा!" भांडी भरली, सतरंज्या झटकल्या. धापूबाई हीराबाईला म्हणाल्या, "बींदणी, जिवाणी सोडून ये. जिथून पाणी घेतलं तिथेच हं."

पाणी घेतलं होतं कुंडाच्या पलीकडच्या टोकाला, एका मोठ्या खडकाआड, कारण तिथे पाणी संथ होतं. हीराबाई मला घेऊन दगडांवरून तिकडे गेली. बसली, मला पाण्यापर्यंत नेलं आणि अगदी सावकाश कलतं केलं. मग, आता बघणारं कोणी नाही म्हणून, ती जरा वेळ धार बघत तिथेच बसली. तेवढं सुख तिनं घेतलं. त्यात तिचं काय चुकलं?

ती वर आली तेव्हा गाड्या नव्हत्या.

गाड्यांजवळ काय झालं ते मला मागाहून स्वयंपाकघरात कळलं, तुम्हाला आत्ताच सांगते. वना आबानं शेठजींना रीतसर विचारलं होतं, "शेठजी, बठ्ठा बसनात का?" शेठजी म्हणाले, "बसले, बसले. हाक तू." पडद्याआड डोकावायची वनाची काय छाती! धापूबाईंना वाटलं, बींदणी मागच्या दमणीत असेल. मागच्या दमणीतल्या बायकांना वाटलं, ती पुढे सासूजवळ असेल. सगळ्यांच्या तोंडावर पदर, कोण आहे आणि कोण नाही हे कळावं कसं? गेल्या गाड्या!

हीराबाईनं चुलीची राख पाहिली, बैलांचं शेण पाहिलं. मग तिला हाक मारायची होती. आणि मित्रांनो, इथे माझ्या पितळी अंगाचा तिळपापड झाला. हाक मारायची कुणाला? नवऱ्याचं नाव तोंडातून काढायचं नाही. सासऱ्याशी बोलायचं नाही. ती "सासूजी!" म्हणून ओरडली, पण लग्नापासून कुजबुजायची सवय लागलेला तो गळा. उभीधारेच्या आवाजात ती हाक तिची तिला तरी ऐकू आली की नाही कोण जाणे.

ऊन कड्यावरून वर सरकायला लागलं. झाडांत वानरं एकाएकी ओरडू लागली. बिबट्या दिसला की ओरडतात तशी. हीराबाई धारेपासून लांब, गाडीवाटेजवळच्या एका खडकाला पाठ लावून उभी राहिली. मग तिनं खालचा दगड उचलला आणि मला जोरात ठोकलं.

ठण्ण! पुन्हा ठोकलं. ठण्ण! ठण्ण! माझ्या अंगाला पोचे पडत होते आणि मी जिवाच्या आकांतानं वाजत होते. वाजव, पोरी, वाजव! फुटले तरी चालेल! असं मी म्हणत होते. वानरं गप्प झाली. झुडपात काहीतरी खसपसलं आणि लांब गेलं. ती रडत नव्हती. दात आवळून ठोकत होती.

आणि मग लांबून बैलांच्या घुंगरांचा आवाज आला. माणसं ओरडत होती. हीराबाईचा हात थांबला. तिनं कान दिले. मीही दिले.

"चरवी! अहो, चरवी दिसते का बघा! कुंडाच्या कडेला बघा, चरवी!"

ऐकलंत? चरवी! पायथ्याशी भांडी उतरवताना धापूबाईंच्या लक्षात आलं होतं की चरवी नाही. "विसरली असेल बींदणी. बसली असेल मागच्या गाडीत तोंड लपवून," असं म्हणून त्या हळहळल्या. जिवाणी तशीच राहिली असेल, ते जीव कोरड्या भांड्यात तडफडून मरतील, केवढं पाप! शिवाय चरवी माहेरची. म्हणून शेठजी, रतिलाल, धापूबाई आणि वना आबा एक दमणी घेऊन हातचं जेवण टाकून परत फिरले होते. डोळ्यांना न दिसणाऱ्या जिवांसाठी. माझ्यासाठी. त्या घरात रोज जिचं पान मांडलं जात होतं, त्या मुलीसाठी नाही.

वना आबा सगळ्यात पुढे होता. त्यानं खडकाजवळ तिला पाहिलं आणि कपाळावर हात मारला. "अरे देवा! चरवी कसानी, पोर राही गयी अठे!"

धापूबाई धापा टाकत आल्या. "अगं बाई, तू? तू इथे?" त्यांचा चेहरा पांढराफटक पडला. पण सवय वाईट असते. त्यांचा हात पुढे आला तो माझ्याकडे. "जिवाणी सोडलीस ना? दे, चरवी दे इकडे. अगंबाई, हे पोचे कसले?"

हीराबाईनं मला छातीशी धरलं. पदर खांद्यावर पडलेला, तो तिनं सावरला नाही. शेठजींनी सुनेचा चेहरा दिसू नये म्हणून चटकन पाठ फिरवली. अशा वेळीसुद्धा रीत पाळली हो!

"जिवाणी सोडली," ती म्हणाली. "चरवी देत नाही. आधी मला हाक मारा."

"म्हणजे?"

"नावानं. जंगलभर चरवीला हाका मारल्यात. तिच्या गळ्यावर तरी बापूजींचं नाव कोरलेलं आहे. मला काही नाव आहे की नाही?"

रतिलाल खोकला. मला वाटलं उडी मारून त्याच्या टाळक्यात बसावं. मग तो खाली बघत पुटपुटला, "मला वाटलं होतं… दमणीत चढताना दिसली नाही म्हणून. पण बापूजींसमोर विचारू कसं?"

ठाऊक होतं! त्याला शंका आली होती आणि तो लाजेखातर गप्प बसला होता! हीराबाईनं त्याच्याकडे पाहिलं. तिच्या बोटांची माझ्यावरची पकड एवढी घट्ट झाली की अजून आठवते.

धापूबाई उभ्याच होत्या. मुलाकडे बघितलं, नवऱ्याच्या पाठीकडे बघितलं. त्यांच्या तोंडावर काय आलं ते मी कसं सांगू? मी त्यांच्या लग्नापासून त्यांना ओळखते, असा चेहरा कधी पाहिला नव्हता. मग त्या मोठ्यानं, त्या पाण्याच्या वर ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं ओरडल्या,

"हीरा! ए हीरा! चल, बाई, घरी चल!"

हीराबाईनं मला त्यांच्या हातात दिलं आणि त्यांच्या गळ्यात पडून हमसाहमशी रडली. धापूबाईंनी तिला थोपटलं. आणि तिला थोपटता थोपटताच नवऱ्याच्या पाठीला म्हणाल्या, "आता माझं घ्या."

शेठजी दचकले. "काय घेऊ?"

"माझं नाव. जन्मभर 'ऐकलं का' म्हणून बोलावता. उद्या मी इथे राहिले तर काय म्हणून ओरडणार? चरवी?"

वना आबा बैलांकडे बघायला लागला. रतिलालचा खोकलासुद्धा बंद झाला. शेठजी म्हणाले, "दिवस बुडाला. आज कुणाचंच जेवण नाही. चला." आणि गाडीत जाऊन बसले.

त्या दिवसापासून धापूबाईंनी 'ऐकलं का'ला ओ देणं सोडलं. कितीही बोलवा, त्या आपल्या निवांत धान्य निवडत बसायच्या. रतिलाल सुधारला म्हणायचा. आधी माजघरात हळूच, मग अंगणात, मग दुकानातून सरळ, "हीरा, चहा होईल का गं?" पण शेठजी? शेठजी हट्टाला पेटले. पुढे ते आजारी पडले, खाटेवर आले, तहान लागायची. धापूबाई शेजारच्या खोलीत. तेव्हा त्यांनी काय केलं ठाऊक आहे? मला खाटेजवळ मागवून घेतलं आणि काठीनं वाजवायला लागले. ठण्ण. धापूबाई यायच्या, पाणी पाजायच्या, तोंड पुसायच्या, जायच्या. पुन्हा ठण्ण. त्यांनी किती सेवा केली म्हणून सांगू! आणि प्रत्येक वेळी काठी उचलण्याआधी शेठजींचे ओठ हलायचे. मी जवळ होते, मला दिसायचं. आता म्हणतील, आता म्हणतील, असं वाटायचं. नाही म्हणाले. शेवटच्या दिवशीही मीच वाजले. धापूबाई धावत आल्या, पण तोवर ते गेले होते.

त्या तिथे बसल्या आणि मला मांडीवर घेऊन म्हणाल्या, "दोन अक्षरं होती हो. दोनच."

मित्रांनो, तांबटानं मला पाणी ठेवायला घडवलं होतं. मी जिवाणी नेली, एका मुलीसाठी पोचे सोसले, त्याचं मला काहीच नाही. पण एका जित्याजागत्या बाईच्या नावाच्या जागी मला वाजवलं, हे मी विसरणार नाही आणि माफही करणार नाही. तुम्ही भांडी नीट सांभाळता, घासूनपुसून फळीवर लावता, चांगलं करता. आता माझं एवढं ऐका. आज घरी गेलात की आजीला तिचं नाव विचारा. आजोबा घरात असतील तेव्हाच विचारा. आणि मोठ्यानं विचारा.