उपाशीपोटी

एप्रिलमध्ये सोलापुरात भिंतीसुद्धा ताप धरतात, आणि रुपाली चादर पांघरून बसलेली असे. तिच्या सासूला, चिमाबाईंना, याच गोष्टीचा सर्वांत अधिक राग होता. केस गळतात हे त्या समजू शकत, चेहरा सुजतो हेही. पण सारी गल्ली घामाघूम असताना ज्या सुनेला थंडी वाजते, तिची थंडी म्हणजे कामाचा कंटाळा, असा त्यांचा निकाल होता.

रुपाली उलट बोलत नसे. तिचा थकवा झोपेने उतरणारा नव्हता. ओला कापूस दाबून भरावा तसा तो हाडांच्या आत भरलेला होता. पिठाच्या डब्याचे झाकण उघडण्याआधी त्या झाकणाकडे पाहत तिला थोडा वेळ उभे राहावे लागे.

हिवाळ्यात रक्त तपासले तेव्हा थायरॉइड निघाले. डॉक्टरीणबाईंनी गोळ्यांची बाटली दिली. पुढच्या तपासणीत थायरॉइडचा आकडा वाढलेलाच होता. गोळी उपाशीपोटी घेता ना, असे त्यांनी विचारले. रुपालीने खरे तेच सांगितले, हो. त्यांनी गोळीची ताकद वाढवून दुसरी बाटली दिली. आज तिसरी तपासणी होती. तिचा नवरा शरणबसव टॉवेलच्या मागावर कामाला होता. त्याने तिच्या थोरल्या भावाला, मायाप्पाला, मंगळवेढ्याहून आधीच बोलावून ठेवले होते. औषध घेऊनही जी बरी होत नाही तिला बरे व्हायचेच नसते, असे चिमाबाईंचे म्हणणे. आकडा उतरला नाही तर तिला माहेरी धाडायचे ठरले होते. परत कधी आणायचे, ते कुणी बोलले नव्हते.

आकडा उतरला नव्हता.

डॉक्टरीणबाईंनी कागद बराच वेळ पाहिला. मग सोबत आलेल्या सासूला कळावे म्हणून त्या सावकाश सांगू लागल्या. मेंदूच्या तळाशी वाटाण्याएवढी एक ग्रंथी असते. गळ्यातल्या थायरॉइडला ती हुकूम पाठवते आणि थायरॉइड आपले हार्मोन रक्तात सोडते. अंगाची ऊब, हृदयाची गती, केसांची मुळे, मनाची उभारी, सारे त्याच्यावर चालते. गळ्यातली ग्रंथी मंदावली, की वरची हुकूम वाढवते. तरीही काम झाले नाही, की आणखी वाढवते.

“हा आकडा म्हणजे त्या वरचीचं ओरडणं आहे, आजी. खालची ऐकत नाही असं नाही. तिच्यात ताकदच उरलेली नाही.”

रुपालीने मान खाली घातली. शरीराच्या आतही एक घर असते आणि तिथेही पहाटेपासून कुणीतरी हाका मारत असते, हे तिला आजवर ठाऊक नव्हते.

डॉक्टरीणबाई आणखी मोठ्या ताकदीची गोळी लिहू लागल्या. तेव्हा रुपालीने भीत भीत विचारले, आधीच्या दोन्ही बाटल्या जवळजवळ भरलेल्याच आहेत. त्या संपवून मग ही सुरू केली तर चालेल का?

पेन थांबले.

“भरलेल्या कशा? उपाशीपोटी घेता ना गोळी?”

“घेते की. एक बी सोमवार चुकवला न्हाय.”

उलगडा चिमाबाईंनीच केला. गोळी उपाशी घ्यायची, असे कंपाउंडर म्हणाला होता. त्यांच्या घरात उपास सिद्धेश्वराच्या वारी, सोमवारी. इतर दिवशी पोटात अन्न पडते, मग औषध लागायचे कसे? म्हणून त्यांनीच सुनेला तो वार बांधून दिला होता.

माणूस रोज सकाळी उपाशीच उठतो, डॉक्टरीणबाई म्हणाल्या. गोळी रोज, चहाच्या आधी. त्यांनी लिहिलेले खोडले आणि पहिल्याच बाटलीपासून सुरू करायला सांगितले. शरीराला विश्वास बसायला दीड-दोन महिने लागतील.

रिक्षा नवी पेठेच्या गर्दीत अडकली, सुटली. घरी मायाप्पा उंबऱ्यात बसला होता.

“चा घे आन् माघारी जा, बाबा,” त्या त्याला म्हणाल्या. “न्हाय धाडत तिला. चूक माज्या कानाची हाय.”

“मी जाते, आत्या,” रुपाली म्हणाली.

चिमाबाईंनी तिच्याकडे पाहिले. “राग धरलास व्हय?”

“न्हाय. रागाला बी ताकद लागती.”

ते खरे होते. तिने आत शोधून पाहिले, तर तिथे राग नव्हता. फक्त थंडी होती, आणि विश्वास बसेपर्यंतचे ते दीड-दोन महिने. तेवढे दिवस या घरात आजारी राहणे हेही एक कामच झाले असते. आता सासू तिला बसवून ठेवेल, आणि त्या बसण्याचे ओझेही तिलाच उचलावे लागेल. चिमाबाईंनी बाटल्या आणून पिशवीत ठेवल्या. शरणबसव अजून मागावर होता. त्याच्यासाठी निरोप ठेवला.

बसमध्ये मायाप्पाने दबक्या आवाजात विचारले, खरे सांग, त्यांनीच तुला घरातून घालवले का. रुपालीने चादर खांद्यावर ओढली आणि खिडकीच्या गजावर डोके टेकले.

“न्हाय. माजी मी आले. निजते जरा, दादा. मंगळवेढं आलं तरी लगीच उठवू नगंस.”