सुमन सिस्टरचं येणं

सुमन सिस्टर जिना उतरून गेल्या, तशी जयाने सासूबाईंची उशी उचलून पाहिली. खाली काही नव्हतं. तिने गादीची कड उलटली, चादरीच्या घडीत हात फिरवला, पलंगामागे वाकून पाहिलं. क्रूस नाही, पुस्तिका नाही, मंतरलेल्या पाण्याची बाटलीही नाही. चंपाबाई डोळे उघडे ठेवून सुनेचा हा शोध बघत होत्या. जयाने उशी सारखी केली आणि पदराला हात पुसले.

दिवाळीनंतर चंपाबाईंचं उजवं अंग गेलं आणि त्याबरोबर वाचाही गेली. गल्लीच्या टोकाला राहणाऱ्या सुमन सिस्टर मिशनच्या दवाखान्यातून निवृत्त झालेल्या. डिसेंबर लागला आणि त्या न बोलावता रोज तिन्हीसांजेला येऊ लागल्या. पाठीला तेल लावत, कूस बदलून देत, आणि काम आटोपलं तरी बसून राहत. गार वारा लागतो म्हणून दार लोटून घेत. ते लोटलेलं दार जयाला खटकत होतं.

शेवटी तिने विचारलंच.

"सिस्टर, तुमच्या घरी नाताळची तयारी असेल. रोज काहून तकलीफ घेता?"

"हा आमचा आगमनकाळ आहे, जया. प्रभूच्या येण्याची वाट पाहायचे दिवस. चर्चचे पाळकसाहेब म्हणाले, नुसते हात जोडून वाट पाहू नका. ज्याला गरज आहे त्याच्याजवळ जाऊन बसा."

"अच्छा," जया म्हणाली. तेलाची वाटी उचलून ती आत गेली. चहाचं विचारलं नाही.

समोरच्या राधाबाईंनी गच्चीवरून तिला हळूच सांगितलं, "आधी तेल लावतात, मग नाव बदलतात. ध्यान ठेव, बरं."

त्यानंतर थोड्याच दिवसांत चंपाबाईंच्या तोंडून आवाज फुटला. दाराबाहेर उभ्या असलेल्या जयाने तो ऐकला. अडखळत, घशातून ओढून काढल्यासारखा.

"ये... ये..."

घरात त्या अक्षराचं कुणाचंच नाव नव्हतं. जयाचा नवरा तुळशीराम फॅक्टरीतून आला तेव्हा ती त्याची वाट बघत उंबऱ्यातच उभी होती.

"तुमच्या आईले येशू म्हणायला शिकवून राहिली ती."

तुळशीराम बुटाची नाडी सोडत होता. त्याने मान वर केली नाही.

"उद्या सांगून टाक, येऊ नका म्हणून. बाईमाणसाशी मी काय बोलू?"

दुसऱ्या दिवशी जया शब्द जुळवून दाराशी गेली. फटीतून पाहिलं, तर सुमन सिस्टर स्टुलावर मान खाली घालून बसल्या होत्या. प्रार्थना चालली असावी. रंगेहाथ सापडली तर बरंच, असं वाटून जया कान देऊन उभी राहिली.

"आज चर्चच्या मंडळीत माझी फार वाहवा केली, चंपाबाई," सिस्टर म्हणत होत्या. "सुमन आजाऱ्याची सेवा करते म्हणाले. मी गप्प बसले. काय सांगणार? आमचे साहेब वारल्यापासून संध्याकाळी त्या घरात दिवा लावायला हात उठत नाही. म्हणून येते. गरज तुमची नाही हो. माझी आहे."

त्यांनी पदर तोंडाशी धरला.

चंपाबाईंचा डावा हात गोधडीतून बाहेर आला आणि हवेत चाचपडू लागला.

"ये," त्या म्हणाल्या. मग परत, जोर लावून, "ये."

सुमन सिस्टरनी स्टूल पुढे ओढलं आणि पलंगाच्या काठावर डोकं टेकवलं. तो हात त्यांच्या केसांवर आला आणि तिथेच राहिला.

जया कडीला धरून किती तरी वेळ उभी होती. मग पावलांचा आवाज न करता ती स्वयंपाकघरात गेली. डब्याचं झाकण काढलं, पुन्हा लावलं. आपण काय करायला आलो तेच तिला आठवेना. तिने परात खाली घेतली.

तुळशीराम जिना चढून आला तेव्हा ती कणीक मळत होती. तो दारातच थांबला.

"तिच्या चपला बाहेरच दिसून राहिल्या."

"हो."

"सांगितलं नाहीस तिला?"

"सांगायचंच आहे," जया म्हणाली. "थंडी फार पडली. जेवूनच जा म्हणते."

आतल्या खोलीचं दार लोटलेलंच होतं. तिकडे जायला तुळशीराम वळला, तशी जया हलक्या आवाजात म्हणाली, "आत्ता नका जाऊ."

आणि तिने परातीत आणखी एक मूठ कणीक घेतली.