सवत बघायला गेले

लोक समुद्र बघायला जातात. मी सवत बघायला गेले होते. सवत म्हणजे बाई नव्हे हो, अख्खं शहर! ऐन उमेदीची वर्षं ह्यांनी तिथं दुकानांच्या पाट्या रंगवण्यात घालवली, आणि इकडे मी मुलं, सासूबाई, दुखणीखुपणी काढत बसले. वर्षातून एकदा नवरा, तोही पाहुण्यासारखा. पुढे छापील पाट्या आल्या, हातचं काम आटलं, तेव्हा कुठे हे कायमचे घरी आले. आले, पण बोलतील तर शपथ! विचारलं तर 'हूं', नाही विचारलं तर तेही नाही. म्हटलं, त्या शहराला काय सोनं लागलंय ते एकदा बघूनच येऊ.

लॉजवर बॅगा टाकल्या आणि हे सुटलेच. घरी गुडघ्यावर हात टेकून उठणारा माणूस गाड्यांच्या गर्दीतून तरातरा रस्ता ओलांडतोय, मागून मी धापा टाकतेय.

"अहो, ते दीपगृह कुठंय? बोटीत बसायचं होतं ना?"

"बसू गं. आधी ही बघ."

ही म्हणजे पाटी. औषधांच्या दुकानाची. मग चष्मेवाल्याची, मग शिंप्याची. "अक्षराची सावली बघ कशी पडलीय! ऊन त्या बाजूनं येतं ना, म्हणून तशीच काढली." ह्यांना आमच्या लग्नाची तारीख विचारा, ततपप होतं.

कोपऱ्यावरच्या चहावालीनं लांबूनच हाक मारली, "मास्तर! बिनसाखरेचा ना?"

"विसरली नाहीस!" हे चक्क हसले.

बिनसाखरेचा? माझ्या हातचा गोड चहा इतकी वर्षं मुकाट गिळणारा हा माणूस! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "मला दोन चमचे जास्त घाला," मी तिला म्हटलं आणि तो पाक कसाबसा संपवला.

शेवटी ह्यांच्या जुन्या कारखान्यात गेलो. शेठनी ह्यांना मिठीच मारली. "या वहिनी, बसा. मास्तर, अगदी देवासारखे आलात! लोकांना पुन्हा हातानं रंगवलेल्या पाट्या हव्यात, आणि इथं एकाला धड ब्रश धरता येत नाही. वरची तुमची खोली रिकामीच आहे. कधी येताय, बोला!"

कोणीतरी ब्रश पुढे केला. ह्यांनी डावी मूठ फळ्यावर टेकली, तिच्यावर उजवं मनगट ठेवलं, श्वास रोखला आणि एकाच झटक्यात रेघ खाली ओढली. कारागीर "वा मास्तर!" म्हणून ओरडले. ह्यांनी वळून बघितलं. माझ्याकडे नाही, शेठकडे. आमची मुलं झाली तेव्हासुद्धा हा चेहरा असा उजळला नव्हता. आता हे 'हो' म्हणणार. पुन्हा मी, ते घर आणि भिंती.

घरी कप उचलताना ह्यांचा हात थरथरतो. डॉक्टरकडे मीच घेऊन गेले होते. "कोणाला सांगू नकोस," असं हे जिन्यातच म्हणाले होते, आणि मी पोटच्या मुलांनाही सांगितलं नव्हतं. माझ्या सवतीला ह्यांचं सगळं ठाऊक होतं. हे एकच गुपित तेवढं माझ्याकडे होतं.

"हात थरथरतो त्यांचा," मी म्हणाले. "औषध चालू आहे. डॉक्टर म्हणालेत, वाढतच जाणार."

शेठनी ह्यांच्या हातातला ब्रश हळूच काढून घेतला. ब्रश धरला होता तोवर ह्यांचा हात जराही हलला नव्हता, पण आता ते कोण बघतंय?

"मग काय, तब्येत पहिली," शेठ म्हणाले. "जपा हं वहिनी." कारागीर आपापल्या कामाला लागले. ह्यांनी फडकं घेतलं आणि एकेक बोट पुसत उभे राहिले.

बाहेर आल्यावर मला वाटलं, आता ओरडतील. ओरडा की एकदा! चार शिव्या द्या! पण हे माझ्या मागून चालत होते, घरी चालतात तसे, पाय ओढत. चौकात मी थांबले, हेही थांबले. त्या शहराची गल्लीन् गल्ली पाठ असलेला माणूस खाली मान घालून मला विचारत होता, "आता कुठं जायचं?"

मला तर लॉजचा रस्तासुद्धा माहीत नव्हता.