पंधरापैकी सहा

मेंदूबाईंच्या संतापाची सुरुवात त्या दुपारी एका कात्रीपासून झाली.

मेंदूबाई हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. झोपेत मेंदू आठवणी कशा पक्क्या करतो, यावर त्या संशोधन करत आणि तेवढ्यावरून प्रयोगाला येणाऱ्या बागेतल्या म्हाताऱ्यांनी त्यांचं हे नाव पाडलं होतं. प्रयोग ऐकायला सोपा. साठीपुढच्या माणसाने दुपारी यायचं, डोक्यावर वायरींची टोपी चढवून घ्यायची, पंधरा शब्दांची यादी ऐकायची, दीड तास झोपायचं आणि उठल्यावर आठवतील तेवढे शब्द सांगायचे. अशा प्रत्येकाच्या तीन खेपा, दर खेपेला नवी यादी; याद्या मात्र सगळ्यांना त्याच तीन. पण करून बघा म्हणजे कळेल. वायरी चिकटवायच्या जेलने कुणाचे केस चिकट होणार, कुणी कवळी काढू की राहू देऊ म्हणून घोळ घालत बसणार, कुणाला आपल्या उशीशिवाय डोळा लागत नाही. एक गृहस्थ तर असे घोरत की पडद्यावरच्या रेघा थयथयाट करत. घरच्यांचं तर विचारूच नका. "आमच्या वहिनी लोकांना झोपवायच्या नोकरीला आहेत," असं नणंद चारचौघांत सांगे. वर डॉक्टर म्हणवून घेऊन साध्या सर्दीवर गोळी सांगता येत नाही, हा ठपका होताच.

हे सगळं मेंदूबाईंनी सात महिने निमूट सोसलं, कारण आकडे झकास येत होते. पहिले काही जण पाच-सहा शब्दांवर अडले, पण नंतर जो येई तो बारा, चौदा, पंधरा! विभागप्रमुखांचे पाय जमिनीला लागत नव्हते. त्यांनी मोठ्या परिषदेत हे आकडे मांडायचं कबूलही करून टाकलं होतं.

आणि मग कात्री. पोस्टातून निवृत्त झालेल्या एक आजी तिसऱ्या खेपेला आल्या होत्या. यादी वाचताना मेंदूबाईंना ठसका लागला आणि तिसरा शब्द राहूनच गेला. ही खेप बाद धरावी लागणार, म्हणून त्या मनात चरफडल्या. पण आजींना आधीच पेंग आली होती. दीड तासाने आजी उठल्या, डोळे चोळले आणि घडाघडा सुरू झाल्या. "शिडी, आरसा, कात्री, बादली..."

"कात्री?" मेंदूबाईंनी विचारलं.

"हो ना. मघाशी तुमची राहिली," आजी म्हणाल्या. "मी म्हटलं, मध्येच कशाला टोका."

मेंदूबाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पेपर फुटला होता! सात महिने एकेकाच्या टाळूवर वायरी चिकटवून, त्याच्या झोपेची राखण करत जमवलेले आकडे म्हणजे निव्वळ घोकंपट्टी होती. त्यांनी आजींना खोदून विचारलं, तर आजींना त्यात लपवण्यासारखं काही वाटतच नव्हतं.

"अहो, आम्हाला सगळ्यांनाच येतात. मास्तर बागेत रोज सकाळी म्हणून घेतात आमच्याकडून."

मास्तर म्हणजे मेंदूबाईंचे सख्खे सासरे.

त्या तडक घरी आल्या. निघण्याआधी रागाच्या भरात सगळ्या निकालांवर लाल पेनने 'खोटे' असं मात्र लिहून आल्या. मास्तर खिडकीशी वर्तमानपत्र वाचत बसले होते. चाळीस वर्षं गणित शिकवलेला माणूस; तळहातावर सूत्र लिहून आणलेल्या मुलाला भर परीक्षेतून उठवून घरी पाठवणारा.

"बाबा, तुम्ही बागेत शिकवणी घेता?"

"घेतो. एकाचीही चूक होत नाही हल्ली."

"तुमच्या या शिकवणीने माझ्या सात महिन्यांच्या कामावर पाणी पडलंय, माहितीये?" सासऱ्यांशी इतक्या चढ्या आवाजात त्या लग्नापासून कधी बोलल्या नव्हत्या. "उद्या प्रमुखांना काय तोंड दाखवू मी? जन्मभर कॉपी पकडलीत ना तुम्ही? मग स्वतःच्या सुनेच्याच बाबतीत हे उद्योग कसे सुचले?"

मास्तरांनी वर्तमानपत्राची घडी घातली. "पेपर मी फोडला, कबूल. पण निकाल कुणी फोडला?"

"कसला निकाल?"

"आमच्या बागेतल्या टेलरचा. पहिल्यांदा तो तुझ्याकडे आला तेव्हा त्याच्या मुलाने तुला विचारलं, बाबांना किती पडले, आणि तू सांगितलंस. काय सांगितलंस ते आम्हाला कुणालाच माहीत नाही. पण त्याच संध्याकाळी मुलाने बापाकडून दुकानाची किल्ली काढून घेतली. तेव्हापासून बसलाय तो बटणं लावत."

मेंदूबाईंना सगळं लख्ख आठवलं. बेसिनपाशी त्या हाताचं जेल धूत होत्या. मुलगा अदबीने उभा होता. "पंधरापैकी सहा," त्या हसून म्हणाल्या होत्या, "या वयाला ठीक आहे हो." येणारा प्रत्येक जण ज्या कागदावर सही करतो, त्यावर ठळक अक्षरांत छापलेलं असतं की निकाल कुणालाही सांगितला जाणार नाही. ते वाक्य त्यांनी स्वतः लिहिलं होतं.

"बाकीचे घाबरले मग," मास्तर म्हणाले. "कुणाला वाटलं आपली गाडी चालवणं बंद होईल, कुणाला वाटलं घरातले एकट्याला बाहेर पाठवणार नाहीत. म्हणून जो जाऊन येईल त्याच्याकडून शब्द जमवले. चौघांचे मिळून पंधरा व्हायचे."

"मला येऊन सांगायचं होतंत!"

"सांगितलं असतं. पण तुझे आकडे सुधारले आणि तू इतकी खुशीत होतीस, की माझी जीभ रेटेना."

मेंदूबाईंच्या रागाला आता बसायला जागा उरली नव्हती. तो घेऊन त्या तशाच टेलरकाकांच्या दुकानात गेल्या. मुलगा टेबलावर कापड आखत होता. टेलरकाका दाराजवळच्या स्टुलावर, मांडीवर कुणाचा तरी शर्ट आणि ओठांत सुई धरून बसले होते.

"यांची किल्ली यांना परत द्या," मेंदूबाई उभ्याउभ्याच म्हणाल्या. "यादीतले काही शब्द विसरले म्हणून माणसाला दुकान सांभाळता येत नाही, असं कुठल्या शास्त्रात लिहिलंय?"

मुलाने आवाज चढवला नाही. "ताई, मागे एकदा बाबांनी दोन गिऱ्हाइकांच्या मापांची अदलाबदल केली. तेव्हापासून मला धास्ती आहे. म्हणून तर तुम्हाला विचारलं. पुढे दोनदा पंधरा पडले, असं बाबाच सांगतात. मी देतो किल्ली, आत्ता देतो. तुम्ही एवढंच सांगा, ते पंधरा खरे आहेत?"

टेलरकाकांनी शिवणं थांबवलं आणि मेंदूबाईंकडे पाहिलं. एक होकार दिला असता तर काम झालं असतं. मेंदूबाईंना तो द्यावासा वाटला, फार वाटला, आणि आपल्याला असं वाटतंय याचाच त्यांना भयंकर राग आला.

"नाहीत," त्या म्हणाल्या. "पण ते सहा तुम्हाला सांगायचाही मला अधिकार नव्हता. शेण मी खाल्लं. त्या सहावरून यांच्या कामाबद्दल काहीही कळत नाही, आणि हे मी तुम्हाला लिहून द्यायला तयार आहे."

टेलरकाकांनी ओठांतली सुई काढली. "सहा?"

मुलाने हातातला खडू खाली ठेवला.

"मला सहा पडले होते?" ते उठून उभे राहिले, मांडीवरचा शर्ट खाली पडला. "अरे, झोपेतून उठून काय बोललो ते माझं मलाच कळलं नव्हतं. तू घरी येऊन म्हणालास, बाईंनी सांगितलंय, आता दुकान पुरे. मला वाटलं, भोपळा! सात महिने मी समजतोय, मला भोपळा पडला. रोज रात्री अंथरुणावर पडून घरातल्या सगळ्यांची नावं म्हणून बघतो, ती तरी राहिलीत का म्हणून."

"बाबा, मी आपलं काळजीपोटी..."

"आण ती किल्ली." टेलरकाकांनी हात पुढे केला.

मुलाने खिशात हात घातला आणि विचारल्यासारखं मेंदूबाईंकडे पाहिलं.

"त्यांच्याकडे काय बघतोस?" टेलरकाका कडाडले. "डोकं माझं आहे!"