विसावं दार

ऑफिसात त्याला सगळे ‘टक्के’ म्हणत. तोंडावर टक्केसाहेब, पाठीमागे नुसतं टक्के. चहा कसा झालाय विचारलं तरी हा ‘सत्तर टक्के बरा’ म्हणणार. प्रांताच्या आकडेवारी कार्यालयात बावीस वर्षं घासलेल्या माणसाला दुसरं काय सुचणार म्हणा. प्रांतात माणसं किती, त्यांत बाया किती, कोण कुठली भाषा बोलतं, कितीजणांची लग्नं झाली आणि कितींची मोडली, हे सगळं त्याच्या जिभेवर असे. दर शंभरात सत्तावीस माणसं साठीच्या पुढची, हे तो अशा थाटात सांगे, जणू ती सत्तावीस त्याने स्वतः हाताला धरून बाकावर बसवली आहेत.

स्वतःच्या घरातली गणती मात्र तो धड सांगत नसे. त्याची एक्याऐंशी वर्षांची आई शहराच्या दुसऱ्या टोकाला, जुन्या गिरणी कामगारांच्या गल्लीत, चौदा नंबरच्या घरात एकटी राहत होती. ऑफिसात त्याने सांगून ठेवलं होतं, “आई आमच्याकडेच असते.” कुणीतरी सहज विचारलं होतं आणि याच्या तोंडून सहज निघून गेलं होतं. पुढे आईच्या तब्येतीची चौकशी झाली की तो ‘काल जरा खोकत होती’ वगैरे रंगवून सांगे.

खरं तर चूक कुणाचीच नव्हती. त्याचं घर चौथ्या मजल्यावर, लिफ्ट नाही, दोन खोल्या, दोन मुलं. आईच्या गुडघ्यांनी जिन्यापुढे कधीच हात टेकले होते. एकदा ती राहायला आली, तेव्हा एक्केचाळीस दिवस खाली उतरली नाही. बेचाळिसाव्या दिवशी म्हणाली, “मला माझ्या घरी सोड बाबा. तिथं निदान दारातून माणसं दिसतात.” बायकोने थांबवलं नाही. त्यानेही नाही. तेव्हापासून तो दर रविवारी दोन बस बदलून जायचा आणि संध्याकाळी तशाच दोन बस बदलून परत यायचा.

आईचं चालत होतं ते नर्सबाईंमुळे. ज्या वॉर्डात एकटे राहणारे म्हातारे वीस किंवा त्याहून जास्त, तिथे सरकारची एक फिरती नर्स, असा नियम होता. वीसच का, ते कुणालाच माहीत नव्हतं. कुठल्यातरी समितीने चहा पिता पिता ठरवलं असेल. नर्सबाई सकाळी सातला येत, इन्शुलिन टोचत, पायाची जखम बघत आणि चार शब्द बोलून पुढच्या दारी जात. आईच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू झालेला, सिरिंजवरच्या रेघा तिला दिसत नसत. थोडक्यात सांगायचं तर म्हातारीचा जीव त्या सकाळच्या दहा मिनिटांवर टिकून होता.

आणि मग जनगणना आली.

मोजणी करणारी बाई चौदा नंबरचं दार तीनदा वाजवून गेली. आईने उघडलं नाही. गल्लीत दोन चोऱ्या झाल्यावर मुलानेच तिला बजावलं होतं की ओळखीचा आवाज असल्याशिवाय कडी काढायची नाही. नर्सबाई दार वाजवताना हाक मारत, म्हणून त्यांना उघडायचं. रविवारी आईने त्याला मोठ्या ऐटीत सांगितलं, “एक बाई तीनदा आली. गळ्यात बिल्ला, हातात काहीतरी पाटीसारखं. मी श्वाससुद्धा मोठ्याने घेतला नाही.”

“अगं, ती जनगणनेची असेल,” तो हसत म्हणाला. “तिला उघडायचं असतं.”

“मग तसं आधी सांगायचं होतंस. तू म्हणालास कुणाला नाही, मी नाही उघडलं.”

ऑफिसात बघून घेऊ, असं त्याने मनाशी म्हटलं. सोमवारी कामाचा असा काही ढिगारा पडला होता की तो ते साफ विसरून गेला.

आता हे काम कसं चालतं ते सांगायला हवं, कारण सगळी गोम तिथेच आहे. तीन फेऱ्यांत दार उघडलं नाही तर घर ‘बंद’ म्हणून नोंदतात. पण बंद घरात माणसं नाहीतच असं धरलं तर निम्मा प्रांत ओस पडेल. म्हणून संगणक शेजारचं तेवढ्याच खोल्यांचं घर बघतो आणि तिथली माणसं जशीच्या तशी या घरात उतरवतो. ऑफिसात याला ‘शेजारून भरणं’ म्हणत. चार लाख घरांत इकडचं तिकडे झालेलं आपोआप जुळतं, एका घराने तक्ता हलत नाही, हे नव्या लोकांना शिकवायचा तो टक्केच. भरलेली प्रत्येक नोंद त्याच्या टेबलावर यायची. बटणं दोन: ‘मान्य’ आणि ‘परत पाठवा’. दिवसाला तो तीनशे वेळा ‘मान्य’ दाबायचा.

मुदतीच्या शेवटच्या दिवशी दुपारी, जेवणाचा डबा उघडता उघडता, त्याच्यासमोर चौदा नंबर आला.

संगणकाने शेजारचं तेरा नंबर उचललं होतं. आजी, तिचा मुलगा, सून, नऊ वर्षांची नात आणि सहा वर्षांचा नातू. पाच माणसं. ती तेरा नंबरवाली मंडळी त्याच्या ओळखीची होती. त्यांच्याच भरवशावर तो आईला मागे ठेवून निघत असे.

त्याने ‘परत पाठवा’ दाबलं. शेऱ्याची चौकट उघडली. त्याने लिहायला घेतलं, ‘या घरात वृद्ध स्त्री एकटी राहते. माहितीचा आधार: पडताळणी करणाऱ्याची’ आणि तिथे त्याची बोटं थांबली. पुढचा शब्द ‘आई’ होता. तो शेरा ऑफिसच्या प्रमुख मॅडम वाचणार, मग सही करायला शेजारच्या टेबलावरचा वाचणार, मग चहाच्या वेळी सगळं ऑफिस. काल खोकत होती म्हणे आई. कुठे खोकत होती, टक्के?

त्याने शेरा पुसला. पुन्हा पडद्याकडे बघितलं. खरं सांगायचं तर त्याला ते चित्र आवडलं. आई मध्ये, भोवती मुलगा, सून, दोन पोरं. असं असायला काय हरकत होती? एका घराने तक्ता हलत नाही. त्याने ‘मान्य’ दाबलं आणि डबा खाल्ला. भाजी आळणी लागली एवढंच त्याला आठवतं.

सात महिन्यांनी आकडे जाहीर झाले, जाड पुस्तकं आली, मॅडमनी सगळ्यांना पेढे वाटावेत तशा प्रती वाटल्या. मधल्या काळात तेरा नंबरची पाचही माणसं मोठ्या शहरात निघून गेली होती. त्या आजीच्या मुलाला तिकडे नोकरी लागली होती. म्हणजे कागदावर त्या दोन दारांआड दहा माणसं होती आणि प्रत्यक्षात एक म्हातारी. त्याने आईचा वॉर्ड काढला. बोट रकान्यावरून खाली नेलं. एकटे राहणारे वृद्ध: एकोणीस.

वीस हवे होते. विसावी कोण ते प्रांतात फक्त त्याला माहीत होतं.

मॅडमच्या खोलीत तो पुस्तक घेऊनच गेला. “मॅडम, या वॉर्डात एक घर चुकलंय. एकटी बाई आहे, पाच माणसं भरली गेलीत.”

मॅडम चांगल्या होत्या. त्यांनी चष्मा काढून ठेवला. “टक्के, प्रत्येक वॉर्डात दहा घरं चुकलेली असतात. तुम्हीच नाही का मला शिकवलंत?”

“हो, पण इथं एकाने फरक पडतो. नर्स जाते.”

“यादी सील झाली. कायद्याने दहा वर्षं कुणीच उघडू शकत नाही, मीसुद्धा नाही. एक घर उघडलं की चार लाख घरवाले दारात उभे राहतील.” मग त्यांनी सहज विचारलं, “कुणाचं घर आहे?”

“असंच,” तो म्हणाला. “एक म्हातारी बाई.”

तिथेही त्याला सांगता आलं नाही. इतक्या वर्षांची सवय ती.

मग तो आरोग्य खात्यात गेला. खिडकीमागच्या कारकुनाने हुकूम दाखवला: पुढच्या महिन्याच्या एक तारखेपासून त्या वॉर्डातली नर्स बंद. “आम्ही काय करणार? आम्ही तुमच्याच आकड्यावर चालतो. आकडा बदलून आणा, लगेच नर्स देतो.”

“आकडा बदलत नाही.”

“मग नर्सही नाही,” कारकून म्हणाला, आणि त्यात त्याचा उद्धटपणा मुळीच नव्हता. टक्केच्या ऑफिसातही लोकांना हेच उत्तर मिळे, अगदी याच आवाजात.

खाजगी नर्स शोधली. मिळेना. ज्या मुली नर्सिंग शिकत होत्या त्या शिकल्या की प्रांताबाहेर जात होत्या. शंभरातल्या त्र्याहत्तर, हा आकडा तर त्याने स्वतः काढला होता. बायकोची कामावरची पाळी सकाळी सहाची. पहाटेची पहिली बस धरून, दुसरी बदलून आईकडे पोचायला साडेआठ वाजत आणि ऑफिसात नऊला हजेरी शहराच्या या टोकाला. त्याने कागदावर बसचे नंबर मांडून बघितले, उलटे मांडले, सुलटे मांडले. माणसांच्या चार लाख घरांचा मेळ घालणाऱ्याला एका म्हातारीची सकाळ बसवता येईना. बदलीचा अर्ज केला, तर ‘जागा नाही’ म्हणून परत आला.

महिन्याच्या शेवटच्या दिवशी त्याने रजा टाकली आणि आदल्या संध्याकाळीच आईकडे मुक्कामाला गेला. सकाळी बरोबर सातला बाहेरून हाक आली, “आजी, मी आले हो.”

नर्सबाई पन्नाशीच्या, रुंद बांध्याच्या. त्यांनी नेहमीसारखे हात धुतले, बाटली उजेडाकडे धरली, आईच्या पोटाची चिमूट घेऊन टोचलं. आईला काही कळलंसुद्धा नाही. मग त्या खाली बसून तिच्या पायाची पट्टी सोडायला लागल्या.

“एक गोष्ट मला कळत नाही,” नर्सबाई म्हणाल्या. बोलत होत्या आईशी, पण ऐकवत होत्या त्याला, कारण तो त्या ऑफिसातला हे त्यांना ठाऊक होतं. “मी रोज वीस दारं वाजवते. नऊ वर्षं वाजवतेय. वीसच्या वीस घरांत दुसरं माणूस नाही. त्यांच्या पुस्तकात एकोणीस कसे? गेले पंधरा दिवस प्रत्येकाच्या तोंडाकडे बघते आणि म्हणते, यातलं एकटं नाही असं कोण?”

आई विचारात पडली. तिने बोटांवर गल्लीतली माणसं मोजली: कोपऱ्यावरचा शिंपी, मुकी बाई, नळाजवळचे मास्तर. “त्यांचं कोण आहे? कुणी नाही,” ती म्हणाली. मग तिच्या चेहऱ्यावर एकदम उजाडलं. “म्हणजे मीच असणार बघा. माझा मुलगा इथंच असतो ना. दर रविवारी येतो. बघितलं असेल कुणीतरी आणि लिहिलं असेल.”

“असं नसतं हो ते, आजी.”

“मग कळवा की त्यांना. म्हणावं, हिचं कुणी नाही. मुलगा लिहिलाय तो खोडा. होतील ना वीस?” आणि आवाजाच्या दिशेने मान वळवून तिने त्याला विचारलं, “तुला वाईट नाही ना वाटायचं? कागदावरच तर आहे.”

त्याला वाटलं होतं, असं काही झालंच तर आपण रडू. रडू आलं नाही.

“आई, तो कागद माझ्यासमोर आला होता,” तो म्हणाला. “या घरात पाच माणसं लिहिली होती. मुलगा, सून, दोन नातवंडं. मला दिसत होतं चुकलंय ते. तू एकटी राहतेस हे लिहायची मला लाज वाटली. मी तसंच पुढे पाठवलं. तुझी नर्स मी घालवली. बाकीच्या एकोणीस जणांचीही.”

नर्सबाईंचे हात पट्टीवर थांबले. त्यांनी वर त्याच्याकडे बघितलं. “शिंप्याच्या पायाला किडे पडले होते मागच्या वर्षी,” त्या हळू म्हणाल्या. “मला वाटलं, तुम्हाला सांगून ठेवावं.” आणि पुन्हा पट्टी गुंडाळायला लागल्या.

आईने हात पुढे केला, चाचपडत त्याचा गुडघा शोधला आणि त्यावर दोनदा थापटलं.

“झालं ते झालं. लहानपणी गणितात असंच करायचास, उत्तर चुकलं की बाई रागावतील म्हणून तसंच वही देऊन टाकायचास,” ती म्हणाली. “तुझंच तर ऑफिस आहे. उद्या गेल्यागेल्या नीट करून टाक. परवा सकाळी या येतील मग.”

नर्सबाईंनी पट्टीला गाठ मारली. दहा वर्षं म्हणजे काय ते त्यांनाही माहीत होतं आणि त्यालाही. आई एक्याऐंशीची होती.

“हो,” तो म्हणाला. “गेल्यागेल्या करतो.”

“बघा,” आई नर्सबाईंना म्हणाली, “उगाच काळजी करत होतात.”